दोन ठोक्यांच्या मधले लेन्वर्डराव

श्री. लेन्वर्ड ग्रेंजर यांची आणि माझी ओळख गाण्याच्या एका तबकडीने करून दिली. आमचे हे बोटीवर खलाशी होते. जमैकाच्या बंदरावरून आले ते ती तबकडी शर्टांच्या घडीत गुंडाळून. दिंडोशीच्या आमच्या खोलीत ती लावली तेव्हा मी विचारलं, "ह्या गाणाऱ्याला उचकी लागलीय का?" आज लेन्वर्डरावांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथासाठी लेख सांगताना तो प्रश्न मी मागे घेते. नात लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही आणि लेन्वर्डरावांचं इंग्रजी तिलाही धड कळत नाही, त्यामुळे घरात बरोबरी आहे.

जमैकात स्का म्हणून जी चाल निघाली आणि पुढे रेगे झाली, ती घडवणाऱ्या पहिल्या मंडळींत ते होते, हे तुम्हा चाहत्यांना मी काय सांगावं? मला त्यांचा स्वभाव ठाऊक आहे. बंदराजवळच्या हॉलमध्ये त्यांचं गाणं संपलं, तेव्हा हे भेटायला दाराशी उभे राहिले. दमलेला माणूस हात हलवून निघून गेला असता. लेन्वर्डरावांनी ह्यांना खुर्ची दिली आणि म्हणाले, आता तुमच्याकडचं काही ऐकवा. ह्यांनी गावचं भजन म्हटलं. ह्यांचा आवाज कसा आहे ते मी जन्मभर ऐकते आहे. तरी त्यांनी टेबलावर ठेका धरून शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग स्वतःच्या पिशवीतली तबकडी काढून दिली.

दोन वर्षांपूर्वी ह्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा पाय फरशीवरून ओढला जायचा. व्यायाम शिकवणाऱ्या ताई म्हणाल्या, ठेक्यावर चालवा. मी भजनी मंडळातली, लगेच टाळ घेतले. पाऊल पडलं की वाजवायचे. पाय आणखीच जमिनीला चिकटला. आठवड्याभरात ह्यांनी पलंगावरून उठायचं सोडलं.

"भजन नको," भिंतीकडे तोंड करून म्हणाले.

"मग काय, लावणी म्हणू?"

हसले नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना घाबरले.

नातीने फोनवर लेन्वर्डरावांचं गाणं लावलं. मी सवयीने टाळ वाजवले, तसे हे वळले.

"तुझा चुकता. पाय पडताना नाय. उचलताना वाजव गो."

तेव्हा मला ते गाणं कळलं. पाऊल पडतं तिथे लेन्वर्डरावांची गिटार गप्प असते, मधल्या रिकाम्या जागेत टोला देते. माझा हात काही ऐकेना. "परत चुकलंस," म्हणत हे उठून उभे राहिले. मला शिकवण्याच्या नादात दारापर्यंत चालत आले. दोघांच्याही लक्षात आलं नाही, नात रडायला लागली तेव्हा कळलं.

आता मंडळात माझे टाळ भलत्याच जागी पडतात आणि बुवा रागावतात. ते मी लेन्वर्डरावांवर ढकलते.

लेन्वर्डराव, तुमचा घसा ओला आणि गुडघे हलके राहोत, आणि पुढच्या ग्रंथासाठी मला पुन्हा बोलावणं येवो. तुम्ही तिकडे लांब, म्हणून मालाडच्या सत्कारात तुमच्या फोटोलाच हार घालायचा आहे, आणि तो हे घालणार आहेत. व्यासपीठाला तीन पायऱ्या आहेत. मंडळींना एवढंच सांगते, हात धरायला कुणी येऊ नका. गाणं लावा आणि वाट सोडून उभे राहा.