अँब्युलन्स नको!

“अँब्युलन्स नको! फोन केलात तर जीव देईन!” अमेरिकेतल्या शॉमबर्गच्या आमच्या गराजमध्ये मी उताणा पडून बोंबलत होतो. अजूनही बामाचा वास आला, की ती दुपार आठवते. गणपतीचं मखर उतरवताना शिडी घसरली आणि पाऊल असं फिरलं, की माझी टाच मलाच समोरून दिसत होती. पण इथल्या अँब्युलन्सच्या बिलापेक्षा चार्टर विमान स्वस्त पडलं असतं! बायको घोट्यावर डबीभर बाम थापत होती आणि आमचे आयटीवाले मित्र, कुठलं हॉस्पिटल माझ्या इन्शुरन्सच्या नेटवर्कमध्ये आहे, म्हणजे कुठलं बिल कंपनी भरेल, यावर फोन काढून भांडत होते. इंग्लंडहून आलेली माझी मावसबहीण शेवटी कडाडली, “अरे, पाय मोडलाय की इन्शुरन्स? आमच्याकडे सरळ हॉस्पिटलात जायचं. सगळं टॅक्समधून भागतं. बिल नाही, नेटवर्क नाही, कार्डसुद्धा कुणी मागत नाही!” गराजमध्ये एवढा जल्लोष झाला, की शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. सगळे तिथल्या तिथे इंग्लंडला निघाले, मी तर खरोखरच एका पायावर! “ताई, मग दारात विचारतात तरी काय?” मी ओरडलो. “ते काही नाही विचारत,” ताई म्हणाली. “किती तास बसायचं, ते आपण विचारायचं.”