आमच्या घरचं भूकंप केंद्र

रीतसर वर्गणी भरून घरात भूकंप करवून घेणारा लातुरातला मी एकटाच माणूस असेन.

मी शाळेत विज्ञान शिकवायचो. मोठ्या भूकंपात आमचं घर वाचलं, पण शैलाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, औशाकडचं माहेर भुईसपाट झालं. माणसं अंगणात झोपली होती म्हणून हाती लागली. तेव्हापासून रस्त्यानं ट्रक गेला तरी शैला गॅस बंद करून दारात येऊन उभी राहायची. बरीच वर्षं हे पाहिल्यावर मला वाटलं, आपण विज्ञानाचे मास्तर, आपण काहीतरी केलं पाहिजे. (असं वाटलं की माणसानं गार पाणी पिऊन झोपावं. मी इंटरनेट घेतलं!)

त्यावर एक मंच सापडला. घरच्या घरी भूकंपमापक बनवणाऱ्या हौशी लोकांचा. लोलक, चुंबक, तांब्याची तार आणि जुना कॉम्प्युटर एवढ्यावर काम. मंच चालवायचे बेंगळुरूचे एक निवृत्त इंजिनिअर. खर्च झेपेना, तेव्हा त्यांनी सभासदांना वर्गणीची विनंती केली. जो भरेल त्याच्या केंद्राला नकाशावर हिरवा ठिपका! लातूरला ठिपका मिळणार म्हटल्यावर मी दुसऱ्या दिवशी डिमांड ड्राफ्ट काढायला बँकेत.

"कशासाठी म्हणायचं, सर?" क्लार्कनं विचारलं.

"भूकंपासाठी."

"भूकंपाची मदत बंद होऊन जमाना झाला की हो!"

"मदत नाही. मला सभासद व्हायचंय."

"भूकंपाचे?" त्यानं चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं आणि मागच्या बाईंना म्हणाला, "ह्यांचं आधी करा, बाई. लई ताण हाय त्यांना."

ठिपका मिळाला. यंत्र जिन्याखाली बसलं. वरच्या मजल्यावर सहा मुली भाड्यानं राहायच्या, हदगाव, कंधार, रेणापूर अशा गावांहून डॉक्टर व्हायला आलेल्या. (तेव्हा लातुरात रिकामी खोली दिसली की तिच्यात बारावी भरली जायची.) दिवसभर क्लास, बाकी वेळ पाठांतर. त्यांचा त्रास काडीचा नव्हता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता आलेखावर बारीक दात उमटले. पाचव्या दिवशी पुन्हा पाचलाच! मी मंचावर कळवलं आणि सभासदांत खळबळ उडाली. कुणी कारखान्याचा भोंगा म्हणालं, कुणी रेल्वे. इंजिनिअरसाहेबांनी लिहिलं, "घाई नको. आधी घरातली कारणं तपासा." माझ्या घरातली कारणं? मी छाती फुगवून उत्तर दिलं, "लातूरच्या पोटात काहीतरी शिजतं आहे." आणि सावधगिरी म्हणून यंत्राला जुन्या स्कूटरचा हॉर्न जोडला.

रविवारी पाच वाजता तो हॉर्न बोंबलला!

"बाहेर निघा! बाहेर!" मी बनियनवर रस्त्यावर. शैला हातात झारा घेऊन. वरच्या मुली धडाधड जिना उतरून खाली आल्या, तेव्हा तर, मागाहून पाहिलं, आलेखाची रेघ पडदाच सोडून गेली होती. सगळी गल्ली बाहेर आली. समोरचे कापडवाले स्वामीकाका लोणच्याची बरणी पोटाशी धरून पळत आले. मागून काकू.

"अवो, बायकोला सोडून लोणचं आणलाव?"

"हातात तेच आलं!" काका म्हणाले.

हॉर्न थांबला होता. "बघा, शांत झालं," मी जाहीर केलं. लोकांनी माझ्याकडं आदरानं पाहिलं. तो आदर मी आयुष्यात पहिल्यांदाच पाहत होतो. सगळे आत गेले, आणि पाच मिनिटांत हॉर्न पुन्हा सुरू!

पुन्हा गल्ली बाहेर. या खेपेला काकांनी काकूंचा हात धरून आणलं, तर काकू ओरडल्या, "लोणचं आतच राहिलं की!"

तिसऱ्यांदा बाहेर आल्यावर मात्र शैला तपासाला लागली. वर पाहायची, मुलींकडं पाहायची, मग माझ्याकडं.

"अहो, मघापासून बघतेय. पोरी वर गेल्या की भूकंप येतो. पोरी खाली आल्या की जातो."

"योगायोग असतो," मी म्हणालो.

"पोरींनो, वर काय करून राहिलात गं?"

हदगावची कविता पुढं आली. "काकू, दोरीवरच्या उड्या. क्लासचे सर म्हणाले, मेंदूला रक्त पोचतं. एका उडीला एक हाड पाठ करून राहिलो. रोज एकेक जणच करते. उद्या टेस्ट हाय म्हणून आज सहाही जणी एकदम."

सगळ्या गल्लीनं एकदम आमच्या वरच्या मजल्याकडं पाहिलं.

"म्हणजे सर," स्वामीकाका सावकाश म्हणाले, "आमी खामखा हाडं पाठ करायला तीनदा पळालो?"

आधी शैला हसली. झारा हातात घेऊन, रस्त्यावर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. भूकंपाच्या नावानं तिला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मग सगळी गल्ली सुटली.

मंचावर मी खरं ते लिहिलं. इंजिनिअरसाहेबांचं उत्तर आलं, "प्रामाणिकपणाबद्दल आभार. ठिपका राहू देतो, रंग तेवढा बदलतो." हिरव्याचा पिवळा झाला. मी पुढची वर्गणी भरणार नव्हतो, पण शैलानंच भरायला लावली. "इतकं होऊन त्यांनी तुम्हाला ठेवून घेतलं. दुसरं कोण ठेवून घेईल?" मात्र यंत्राचा प्लग तिनं स्वतः उपटून ठेवला.

दोन महिन्यांनी, बरोबर पाच वाजता, मांडणीवरची भांडी वाजली. पंखा हलला. गल्लीभर आरडाओरडा झाला. शैला मला हाका मारत बाहेर पळाली. मी खुर्चीवरून हललो नाही. आता फसणारा मी नव्हतो! पेपर खाली न ठेवता मी छताकडं तोंड करून ओरडलो, "पोरींनो, जरा हळू उड्या मारा गं!"

रस्त्यावरून सहा आवाज एकदम आले.

"सर, आम्ही खाली आहोत! हा खरा हाय!"