काठावर धरून ठेवलं तेव्हा

आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. मी गावच्या अंगणवाडीत सेविका आहे आणि घरी मेंढरं आहेत. दोन वर्षांमागं पावसाळ्याच्या तोंडावर तहसीलमध्ये पुराच्या वेळी काय करायचं याचं प्रशिक्षण होतं, तिथं मला पाठवलं. शिकवणाऱ्या माणसानं लाइफ जॅकेट दाखवलं, बुडणाऱ्याकडं फेकायची रिंग दाखवली आणि मग म्हणाला, "हे ऐन वेळी तुमच्या गावात मिळणार नाही. तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा घ्या, वजनापुरतं तळाशी पाणी ठेवा, झाकण घट्ट लावा, मुठीला लांब दोर बांधा. काठावरून फेका. कितीही जवळचं माणूस असलं तरी पाण्यात उतरू नका. एकाच्या जागी दोघं जातात."

शेवटचं मी वहीत लिहून घेतलं. लिहायला सोपं होतं.

घरी येऊन डबा तयार केला, शाळेच्या मैदानात फेकून बघितला. माझ्या थोरल्या जाऊबाई हसल्या. "तेलाचा डबा घेऊन नदीला कशाला जायचं गं? ह्यांला काय पोहता येत न्हाई?" थोरले दीर पोहण्यात पटाईत होते. लहानपणापासून विहिरीत उड्या मारलेला माणूस. तरी मी डबा सोबत न्यायचेच.

त्या दिवाळीनंतर लोकर कातरायच्या आधी आम्ही मेंढरं धुवायला नदीवर नेली. दीर छातीभर पाण्यात उभे राहून एकेक मेंढी घोळत होते. आम्ही दोघी जावा धुतलेली मेंढरं बाहेर ओढून घेत होतो, आणि माझा नवरा वर बाभळीपाशी बाकीचा कळप आवरत होता. एक मेंढी दीरांच्या हातून निसटली. ते तिच्यामागं दोन पावलं गेले आणि दिसेनासे झाले. तिथं वाळू उपसून खड्डा झालेला होता. वर आले ते थेट धारेतच. धोतर पायांत गुंतलं होतं आणि एवढा पोहणारा माणूस नुसते हात आपटत होता.

जाऊबाई पाण्याकडं धावल्या. त्यांना पोहता येत नाही. मी मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली.

"सोड मला! माझा माणूस बुडायलाय!"

"तुमी जाऊ नका. मी डबा टाकते."

त्यांनी माझ्या मनगटाला चावा घेतला. मी सोडलं नाही. नवरा पळत खाली आला, त्याच्या हाती त्यांना दिलं आणि डबा उचलला. पहिल्यांदा तो अलीकडंच पडला. दोर गुंडाळत बसले नाही, नुसता ओढून पायाशी घेतला आणि पुन्हा फेकला. डबा दीरांच्या पलीकडं गेला, दोर त्यांच्या खांद्यावर पडला.

"भावजी, डबा छातीशी धरा! उताणे व्हा!"

मी खाली बसून टाचा रोवल्या. ओढायची फारशी गरजच पडली नाही, दोर ताणला तसं धारेनंच त्यांना काठाकडं वळवलं. दवाखान्यात एक दिवस ठेवून घेतलं आणि सोडलं. मेंढी खालच्या वळणावर आपली आपणच बाहेर निघाली होती.

जाऊबाई माझ्याशी बोलेनात. आठ-दहा दिवसांनी मीच विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "त्यांला वाचवलंस, तुझे उपकार हायेत. पन तू मला धरलंस. ते डोळ्यांदेखत चालले व्हते आन मी काठावर."

डबा कसा फेकायचा ते शिकवलं होतं. ज्याला अडवलं त्याच्या डोळ्याला डोळा कसा द्यायचा, ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांच्या जागी मी असते तर मीही चावलेच असते.

त्यांचा अबोला पुढंही तसाच राहिला. एकदा जेवताना दीर आपणहून त्या दिवसाचं बोलले. एरवी तो विषय काढत नसत. "मला काठावर ही दिसायली व्हती. वरडत व्हती. हिनं पाण्यात पाय टाकला असता तर मी डबा सोडून हिच्याकडंच आलो असतो."

जाऊबाई भाकरी वाढत होत्या. त्या उठून चुलीकडं गेल्या आणि आमच्याकडं पाठ करून बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातून त्यांची मला हाक आली. "अगं ए, कोकरांला पाला टाकलास का?"

"टाकायलेय," मी म्हणाले.