बटरची डबल बेल

"मॅडम, याले इंजेक्शन देऊन टाका," वत्सलाबाई म्हणाल्या.

"कोणतं?"

"कोणतं म्हंजे? शेवटचं."

टेबलावर जे बसलं होतं ते मी तेव्हा पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. कोल्ह्यासारखं तोंड, उभे मोठे कान, लांब धड, आणि पाय इतके तोकडे की देवाने घाईगर्दीत बसवले असावेत. कॉर्गी. ही जात मी पुस्तकात वाचली होती. उमरखेडला माझा जनावरांचा दवाखाना बरीच वर्षं आहे, पण माझे पेशंट म्हणजे म्हशी, बैल, शेळ्या आणि अधूनमधून एखादा लठ्ठ लॅब्राडॉर. हा पेशंट माझ्याकडे बघून हसत होता. शेपूट नावालाच असल्याने अख्खं बूड हलवत होता.

कुत्र्याला धरून उभे होते ते वत्सलाबाईंचे यजमान, गुलाबराव. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, राहणार फुलसावंगी. ते भिंतीवरच्या, गुरांच्या लाळ्या-खुरकत रोगाच्या पोस्टरकडे एकटक बघत होते.

हकीकत अशी. कुत्रा मुलाचा, पुण्याचा. नाव बटर. मुलाला कंपनीने परदेशी पाठवलं आणि बटर फुलसावंगीला आला. आल्यापासून चावतो. वत्सलाबाईंना चावला, दूधवाल्याला चावला, आणि परवा तर कहर केला. ओसरीत बचत गटाची मीटिंग होती. मीटिंग संपली, बाया उठल्या, आणि याने एकीलाही जाऊ दिलं नाही. सगळ्यांना वळवून वळवून तुळशीच्या कोपऱ्यात कोंबलं. आता गावभर बोभाटा झाला होता की कंडक्टरचा कुत्रा पिसाळला.

"एक तं हा राहीन घरात, नाई तं मी," वत्सलाबाई म्हणाल्या.

शेवटचं इंजेक्शन म्हणजे यूथनेशिया, दयामरण. बरा न होणारा आजार असेल आणि जनावर तडफडत असेल, तेव्हाच आम्ही ते देतो. मी लसीकरणाचं कार्ड पाहिलं. रेबीजची लस वेळेवर दिलेली. पाणी पितो, जेवतो, ताप नाही. मग मी हिस्टरी घ्यायला बसले. हिस्टरी म्हणजे खोदून खोदून विचारणं. आमचा पेशंट बोलत नाही आणि मालक नको तेवढं बोलतो, त्यामुळे आम्हाला दुप्पट विचारावं लागतं.

"चावतो कुठे?"

"टाचेले."

"सगळ्यांना टाचेलाच?"

"हो ना. दुसरीकडं कुठीच नाई."

"रक्त येतं?"

"रक्त नाई येत. पन चिमटा असा बसते का बाप्पा!"

"आणि कधी? बसलेल्या माणसाला चावतो का?"

उत्तर गुलाबरावांनी दिलं, पोस्टरकडे बघतच. "बसेल मानसाले नाई. उठून चाललं कोनी, का मंग जाते त्याच्या मांगं."

माझं निदान तिथेच झालं. कॉर्गी ही तिकडे विलायतेत गुरं हाकायची जात. पाय तोकडे अशासाठी, की गाईने लाथ झाडली तर ती डोक्यावरून जावी. काम एकच. कळपातून कोणी फुटलं की मागून जायचं, टाचेला चिमटा काढायचा, परत कळपात आणायचं. बटरने आयुष्यात गाय हाकली नव्हती, पण हे शिकवावं लागत नाही. पुण्याच्या फ्लॅटमध्ये कळप नव्हता. फुलसावंगीत अख्खा बचत गट मिळाला.

मी हे सांगितलं. वत्सलाबाईंना पटलं नाही. मी गुलाबरावांकडे वळले.

"गाडीत गर्दी झाली की तुम्ही काय करत होतात?"

"काय करतो? पुढं चला, पुढं चला, दारात थांबू नका."

"हा तेच करतो. फक्त दातांनी."

गुलाबरावांनी पहिल्यांदा पोस्टरवरची नजर काढली. बटरकडे पाहिलं. "म्हंजे माह्याच खात्यातला हाये मंग," ते म्हणाले, आणि बायकोकडे वळले. "राहू दे ना वं याले."

वत्सलाबाई पिशवी उचलून बाहेर गेल्या. इंजेक्शन मी देणार नव्हतेच. पण बाईंनी मनावर घेतलं असतं तर कुत्रा दुसऱ्या कुठल्या गावाबाहेर सोडला गेला असता, हेही मला माहीत होतं. घरी येऊन बघते, असं मी कबूल केलं.

फुलसावंगीला गेले तेव्हा गुलाबराव नळावर गेले होते. चहा टाकता टाकता वत्सलाबाईंनी खरी हिस्टरी दिली.

"मॅडम, रिटायर झाल्यापासून बोलनंच सोडलं होतं ह्यायनं. मी इचारलं तं हूं, हां. अन् हे कुत्रं आलं तवापासून दिवसभर बोलून राह्यले. बटऱ्या, जेवला का? बटऱ्या, ऊन लागलं का? जन्मभर ह्यायची वाट पाह्यली म्या. हे गाडीवर गेले का बसा दाराकडं पाहत. आता घरी आले, तं कुत्र्याशी बोलते!"

बाईंच्या डोळ्यात पाणी होतं. माझ्या कॉलेजात या आजाराचं नाव शिकवलं नव्हतं. पण इतकं कळलं की दुखणं टाचेचं नव्हतं.

ट्रीटमेंट ठरवली. एक, कुत्रा टाचेशी आला की पळायचं नाही, जागीच उभं राहायचं. पळणाऱ्यालाच तो वळवतो. दोन, त्याला थांबायचा आणि निघायचा हुकूम पाहिजे, आणि तो शब्द नेहमी सारखाच पाहिजे. तीन, त्याला रोजचं काम पाहिजे. बिनकामाचा कॉर्गी स्वतःच काम शोधतो, आणि ते आपल्याला आवडेलच असं नाही.

"हुकूम कसा द्याचा?" नळावरून आलेल्या गुलाबरावांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता स्वतःच बाहेर गेले. जुन्या सायकलची घंटी खोलून आणली. एसटीत एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल. तीच डबल बेल. ड्रायव्हरला जे कळतं ते कुत्र्याला कळायला काय हरकत आहे, असा त्यांचा हिशोब होता. हिशोब बरोबर होता.

पण घंटी मी त्यांच्या हातात राहू दिली नाही. वत्सलाबाईंच्या हातात दिली.

"मले नाई येत वाजवता," त्या म्हणाल्या.

"अवो, जन्मभर माह्याच घंटीचं आयकलं ना तू," गुलाबराव म्हणाले. "ये इकडं. असा अंगठा ठेव."

कामाचाही प्रश्न सुटला. वत्सलाबाईंच्या कोंबड्या रोज संध्याकाळी खुराड्यात जायला नखरे करत आणि बाई पदर खोचून अंगणभर धावत. मी बटरला आधी लांब दोरीवर ठेवायला सांगितलं, आणि थांबणं पक्कं झाल्याशिवाय सोडू नका, असं बजावलं. मधून मधून गुलाबरावांचा फोन येई. "एका घंटीत थांबून राह्यला." मग फोन वत्सलाबाईंचा येऊ लागला. "मॅडम, दोन घंट्या मारल्या अन् साऱ्या कोंबड्या आत! ह्यायले म्हटलं, तुमच्या गाडीत असे पॅसेंजर कधी बसले का?" मागून गुलाबराव जोरात काहीतरी उलट बोलत असायचे. घरात आता वाद होत होते. मला फार बरं वाटलं.

गावाचा मात्र विश्वास बसला नव्हता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. पोरं सजवलेले लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहतात आणि चांगल्या सजावटीला बक्षीस मिळतं. परीक्षक म्हणून मला बोलावलं होतं. वत्सलाबाई बटरला आणि घंटीला घेऊन मारुतीच्या पारावर गुलाबरावांशेजारी बसल्या होत्या. लोक लांबून बघत होते. कुत्र्यापासून धोका नाही अशी ग्वाही मीच गावात देऊन बसले होते, त्यामुळे माझं निम्मं लक्ष बैलांवर आणि निम्मं बटरवर होतं. एखाद्या पोराला चावला असता तर बटरला त्या गावात थारा नव्हता.

व्हायचं तेच झालं. बोजाऱ्याची, म्हणजे बैलवाल्या पोरांना द्यायच्या खाऊची, टोपली दिसली आणि सगळी रांग फुटली. पोरं चहूकडे, लाकडी बैल उलटेपालटे, नुसती चाकांची खडखड. बटर उठून उभा राहिला. अंगभर थरथरत होता. त्याच्यासाठी हा जन्मातला सगळ्यात मोठा कळप होता.

टण्.

बटर खाली बसला. पोरं त्याच्या नाकासमोरून पळत होती आणि तो कुरकुर करत बसून राहिला. पारावरचे म्हातारे हळूहळू सैल झाले. कोणीतरी म्हणालं, "कंडक्टरनीनं गाडी रोकली बाप्पा."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात फोन वाजला. कोणाची तरी म्हैस विताना अडली होती. नीट ऐकू यावं म्हणून मी बोलत बोलत गर्दीपासून दूर, माझ्या गाडीकडे चालू लागले.

टण् टण्.

मागे वळेपर्यंत टाचेला चिमटा बसलाच. पळायचं नाही हे मीच शिकवलेलं, पण मी पळाले. बटरने मला अर्धा गोल फिरवून बरोब्बर पोरांच्या घोळक्यात आणून उभं केलं. सगळं गाव हसत होतं. पारावर गुलाबराव आणि वत्सलाबाई एकमेकांच्या खांद्याला धरून हसत होते.

"वत्सलाबाई! हे काय?"

"बक्षीस वाटाचं राह्यलं अन् तुमी निघून चालल्या," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "मंग तुमाले कोन वळवून आनंन?"

बक्षीस वाटलं. म्हैसही नंतर नीट व्याली. टाचेवर बारीक ओरखडा होता. असा ओरखडा दिसला की मी इतरांना जे सांगते, तेच मला करावं लागलं. वत्सलाबाई मागत होत्या ते इंजेक्शन अखेर दिलं गेलं, पण ते शेवटचं नव्हे, रेबीजचं, आणि ते मी घेतलं.

कुत्रा चावतो अशी तक्रार घेऊन आता कोणी आलं, की कार्ड बघायच्या आधी मी एकच विचारते. घंटी कोणाच्या हातात होती?