टिल्लूने यंदा खरी परीक्षा दिली

मूर्ती लहान पण कीर्ती महान, हे टिल्लूकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं! रग्बीत हाफबॅकची जागा म्हणजे अशी, की दोन्हीकडचे धिप्पाड गडी डोकी खुपसून रेटारेटी करणार आणि त्यांच्या पायांतून चेंडू काढून मागे फेकायचा तो यानं. फेकेपर्यंत कुणीतरी रेड्यासारखा अंगावर आलेलाच! शाळेत सगळ्यांत बुटका म्हणून मास्तरांनी त्याला तिथे उभं केलं, आणि बघता बघता गडी देशाचा कप्तान झाला. "ढकला की रे, जेवला नाहीत का?" असं तो दुप्पट अंगाच्या पोरांना झापायचा आणि ती मुकाट ऐकायची.

मैदानावर तो कधी कुणाला भ्याला नाही. भ्यायचा तो संघाच्या डॉक्टरांना. हंगामाआधी ते प्रत्येकाची परीक्षा घ्यायचे. काही शब्द सांगायचे, जरा वेळाने ते खेळाडूने आठवून म्हणायचे. पुढे सामन्यात डोक्याला मार बसला की तीच परीक्षा पुन्हा. पहिल्यापेक्षा कमी आठवलं तर बसा घरी! मग हे दीडशहाणे खेळाडू काय करायचे, तर आधीच मुद्दाम चुकायचे, म्हणजे पुढे फरक दिसायलाच नको. अक्कल बघा! टिल्लू त्यातला पक्का. आठवलेले शब्द गिळायचा आणि बाहेर येऊन दोस्तांना टाळी द्यायचा.

यंदा मात्र त्याची पाचावर धारण बसली होती. लेकीला शाळेतून आणायला निघाला आणि रोजच्या चौकात कुठे वळायचं तेच सुचेना. बायकोने हात घट्ट धरून बजावलं, "या वेळी सोंगं नकोत. खरं काय ते कळू दे. मला भीती वाटते रे."

डॉक्टरांनी शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलले, मग म्हणाले, "हं, सांग आता."

"दिवा," टिल्लू म्हणाला. "सायकल." पुढे सगळं कोरं. डोळे मिटून त्याने जिवाच्या आकांताने शोधलं. "पूल," एवढंच निघालं.

"झकास!" डॉक्टर हसले. "दरवर्षी इतकंच आठवतं तुला. काही बिघडलेलं नाही. जा, खेळ."

टिल्लू जागचा हलला नाही.

"डॉक्टर," तो कसाबसा म्हणाला, "या वेळी मी मुद्दाम नाही चुकलो."