दादाला सरळ करायला निघालेले लोक

दादा गेल्यापासून उज्जैनला देवास गेटच्या माझ्या सायकलच्या दुकानात पंक्चर कमी आणि किस्से जास्त जमतात. एक जण सांगून उठतो न उठतो, दुसरा म्हणतो, “अरे यार, हा ऐकला नाहीस!” हसता हसता मीच मधे उठून नळावर तोंड धुऊन येतो.

दादा, माझा थोरला भाऊ, जमिनींच्या कचेरीत नक्शे काढायचा. लहानपणी आजारात त्याची पाठ वाकली ती वाकलीच. भेटेल त्याला दादाला सरळ करायची हौस! आणि दादा होता तसाच राहण्यावर ठाम.

मध्यभारत संपून मध्यप्रदेश झाला आणि कचेरीत नागपूरकडचे उंचच उंच साहेब आले. पहिल्याच दिवशी इंग्रजीत भाषण. त्यात ‘रेक्टिट्यूड’ हा शब्द पुन्हा पुन्हा. दर वेळी जोरदार टाळ्या!

भाषण संपल्यावर शिपाई भेरूलालने हळूच विचारलं, “बाबूजी, ये रेक्टिट्यूड क्या होता है?”

“नवीन भत्ता असेल,” देवसकर म्हणाला. हा दादाच्या शेजारच्या टेबलावरचा कारकून. “म्हणून तर मी एवढ्या टाळ्या वाजवल्या!”

दादा जेवणाच्या सुट्टीत डिक्शनरी वाचायचा. तो म्हणाला, “लॅटिनमध्ये रेक्टस म्हणजे सरळ. करेक्ट, डायरेक्ट, रेक्टँगल, सगळी त्याचीच भावंडं. रेक्टिट्यूड म्हणजे माणसाचा सरळपणा. वाकडं काम न करणं.”

देवसकरची नजर दादाच्या पाठीवर गेली.

“बघ, बघ!” दादा म्हणाला. “सरळपणा शिकवायला मास्तर कसला मिळालाय तुला!”

मग नव्या सरकारसाठी सगळ्यांची तपासणी निघाली. उंची मोजणारा कंपाउंडर दादावर खेकसला, “सीधे खड़े रहो!”

“खड़ा तो हूँ.”

“और सीधे!”

“भैया, इससे सीधा आदमी पूरे उज्जैन में नहीं मिलेगा.”

कंपाउंडरने वैतागून एकदा उभं करून मोजलं, एकदा आडवं करून मोजलं. दादाने शांतपणे विचारलं, “तनखा किस वाली पे मिलेगी?”

त्यावरून मला सुचलं की पाठ सरळ करूनच टाकू. माझी शाळा चौथीत सुटली. मला सुचलं की मी थांबत नाही. त्याच दिवशी भैरवगढहून एका पहलवानाला घेऊन आलो. त्याने पावशेर तेल ओतलं, “जय बजरंगबली!” म्हणून गुडघा लावला आणि जोर केला. कट्ट!

ओरडला तो पहलवान. दादा होता तसाच, कंबर धरली ती पहलवानाची! मीच सायकलवर पुढे बसवून घरी पोचवला त्याला. निघताना दादाने बाटलीतलं उरलेलं तेल त्याच्या हातात दिलं. “तुला लागेल.”

एकदा एक ठेकेदार पेढे घेऊन आला. त्याचं गोदाम शेजारच्या विधवेच्या जमिनीत घुसलेलं होतं. “बाबूजी, नक्शे में लाइन ज़रा-सी टेढ़ी कर दो.”

दादाने पाठीकडे बोट दाखवलं. “टेढ़ा करने का काम भगवान का है. अपने पास सिर्फ़ पट्टी है.”

ठेकेदार थेट साहेबांकडे गेला. साहेबांनी दादाला बोलावलं. “थोडं अ‍ॅडजस्ट करून घ्या.”

दादा म्हणाला, “साहेब, आपल्या भाषणाला मी टाळ्या वाजवल्यात!”

दुसऱ्या दिवशी दादाचं टेबल जिन्याखाली गेलं. सगळी कचेरी हळहळली. पण तिथे उभं राहिलं की जो तो डोकं आपटून घ्यायचा. साहेबसुद्धा! एकट्या दादाला कधी लागलं नाही.

आणि हा शेवटचा. यातही मी होतो.

न्यूमोनियाने दादा तीन दिवसांत गेला. माधव नगरला आमच्या अंगणात तिरडी बांधली. उताणं ठेवलं की दादा एका बाजूला कलंडायचा. गुरुजी म्हणाले, “सरळ झोपवायला हवं. खांदे दाबा, गुडघे दाबा.” दोघं पुढे झाले.

“हात लावायचा नाही!” मी एवढ्या जोरात ओरडलो की गुरुजींच्या हातातली पळी पडली. “तो झोपायचा तसाच जाईल. कुशीवर.”

“अरे, पण सरळ नको का?”

दाराशी भेरूलाल रडत उभा होता. डोळे पुसत म्हणाला, “महाराज, इससे सीधा आदमी पूरे उज्जैन में नहीं मिलेगा.”

आधी देवसकर फिसकन हसला. मग मी. मग पदराआडून आईसुद्धा. गुरुजींनी पळी उचलली. “घ्या कुशीवर,” म्हणाले.

निघताना गर्दीतून साहेब पुढे आले आणि त्यांनी खांदा दिला. ते एवढे उंच, की तिरडी त्यांच्या बाजूने वर जायला लागली आणि दादा माझ्याकडे सरकायला लागला.

मागून देवसकर ओरडला, “साहेब, जरा वाका!”

साहेब वाकले. थेट चक्रतीर्थाच्या स्मशानापर्यंत.