धाऊ ड्रायव्हर आणि तिसरा प्लग

लडकूशेटचं कोणी कौतुक केलं की अजूनही माझं डोकं फिरतं. त्याने मुरबाडात धर्मशाळा बांधली, देवळाला घंटा दिली, सगळं खरं. पण धाऊचं त्याने काय केलं ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. ते सांगितल्याशिवाय मला गप्प बसवत नाही.

धाऊ त्याच्या लॉरीचा ड्रायव्हर. आमच्या धसईचाच. मी देवराम, वांगी-मिरची घेऊन कल्याणला जाणारा. माझ्या भाजीच्या पाट्या मागे उतारूंच्या पायांशी, आणि मी पुढे धाऊच्या शेजारी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीपासून आमचं हे असं चालू होतं. तरणा असताना भावाने त्याला भिवंडीला मागावर बसवलं होतं, तिथून तो आठवड्यात पळून आला. "चार भिंतीत माजा जीव घुसमटतो रे देवा," म्हणायचा. "मला रस्ता पायजे." बायको हौसा, दोन पोरं, सगळं होतं त्याला. पण तोंडावर खरं तेज यायचं ते स्टिअरिंग हातात आल्यावर.

आणि संताप? तो तर नाकाच्या शेंड्यावर. त्यातला निम्मा जायचा तिसऱ्या प्लगवर. लॉरीचं इंजिन आतून झिजलं होतं. ऑईल वर चढायचं आणि नेमका तिसरा प्लग भिजवायचं. भिजला की ठिणगी पडत नसे, मग लॉरी लंगडायला लागायची. धाऊ त्या प्लगला 'मेव्हणा' म्हणायचा. "रुसला बघ मेव्हणा!" असं म्हणून शिव्या घालत उतरायचा, पान्याने प्लग खोलायचा, चाकूने खरवडायचा, पाचोळा पेटवून त्यावर सुकवायचा आणि परत बसवायचा. बोटांना कायम फोड. लढाईत नवे प्लग मिळत नव्हते, आणि मिळाले असते तरी दुखणं प्लगचं नव्हतंच.

हे शेटला कळत नव्हतं असं नाही. पण तो चारचौघांत म्हणायचा, "धाऊला नीट चालवता येत नाय." माझी तळपायाची आग मस्तकात जायची.

इलाज शेटच्या घरातच होता. त्याची तसलीच दुसरी एक लॉरी नवी असताना ओढ्यात उलटली होती. सांगाडा मोडला, इंजिन शाबूत राहिलं. ते शेटने भाताच्या गिरणीत चौथऱ्यावर बसवलं होतं आणि पट्टा लावून त्यावर गिरणी चालवत होता. धाऊ एकदा गिरणीतच त्याच्यापुढे उभा राहिला.

"शेट, इंजनं बदलू या. हे लॉरीत, लॉरीतलं हितं. गिरणीत प्लग गेला तर भात जरा थांबंल. चढावर गेला तर मानसं मरतील."

शेटने आईकडे पाहिलं. भागीरथीबाई दर दसऱ्याला त्या इंजिनाला हळदकुंकू लावायची, नारळ फोडायची. आमच्याकडे पूजा झालेली भाताची कणगीसुद्धा जागची हलवत नाहीत, मग हे तर इंजिन. म्हातारी म्हणाली, "बसलेली लक्षुमी उठवायची नाय. घर बसतं."

गिरणीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. धाऊ भडकला. "लक्षुमीला चौथरा, आनि आमाला दरी! चांगला न्याय हाय!" असं ओरडून बाहेर पडला. त्या दिवशी रस्त्यातल्या प्रत्येक बैलगाडीवाल्याने त्याच्या शिव्या खाल्ल्या.

पुढच्या चैत्रात भागीरथीबाईच्या पोटात कळा सुरू झाल्या. मुरबाडला उतार पडेना. कल्याणच्या डॉक्टरकडे न्यायचं ठरलं. मागे पेंढा पसरून तिला निजवली, उशाशी शेट. चिंचेच्या चढावर लॉरी निम्मी चढली आणि मेव्हण्याने मान टाकली. इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. लॉरी मागे सरकायला लागली. धाऊने ब्रेकवर सगळा भार टाकला, मी उडी मारून चाकाखाली धोंडे सारले. थांबली तेव्हा मागचं चाक अगदी कडेला होतं. खाली नुसते दगड.

शेट वरून बोंबलला, "अरे लवकर कर! आई मरंल माजी!"

धाऊ तापलेला प्लग चिंधीत धरून उभा होता. हात भाजत होता, पण त्याने मान वर केली. "आता लवकर? सांगत होतो तवा कान काय गिरणीत इसरला होता? रोज दुसऱ्यांच्या आया न्हेतो मी या चढावरनं!"

शेटचं तोंड एवढंसं झालं. म्हातारी मात्र पेंढ्यातून कण्हत म्हणाली, "लडकू, त्याला दे रे ती लक्षुमी."

आम्ही कल्याणला पोचलो. म्हातारी वाचली, आणि शब्दाला जागली. गिरणीत येऊन तिने इंजिनाला कुंकू लावलं, "आये, तुजी जागा बदलते, राग धरू नको," म्हणाली. मग धाऊने तीन वासे उभे करून साखळीने ते उचललं. दोन्ही इंजिनं इकडची तिकडे करायला त्याला पाच-सहा दिवस लागले. जेवायलाही घरी गेला नाही. हौसा भाकरी तिथे आणून द्यायची आणि बडबडत परत जायची.

पहिल्या फेरीला लॉरी चिंचेचा चढ एका दमात चढली. वर जाऊन धाऊने ती उगाचच थांबवली आणि पोट धरून हसला. "मेव्हणा गेला सासरी!" असा आनंद मी त्या माणसाच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

संध्याकाळी परत आलो तर शेट गिरणीच्या दारात उभा. शेजारी त्याच्या बायकोचा भाऊ, जैतू.

"उद्यापास्नं लॉरी जैतू चालवंल," शेट म्हणाला. "आता काय, कोनीबी चालवंल. पन ते जुनं इंजन गिरणीत सकाळपास्नं सारखं अडतंय, तुज्याबिगर कोनाला जमत नाय. माजा भात थांबायला नको. तू गिरणीत बस."

मी धाऊच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता शिवी येईल, आता हात उठेल. काही आलं नाही. ज्या माणसाने अख्ख्या रस्त्याला शिव्या दिल्या, त्याने लॉरी सुरू करायचा हँडल मुकाट्याने जैतूच्या हातात दिला. आमच्या रस्त्याला दुसरी लॉरी नव्हती, आणि घरी दोन पोरं होती.

मग मीच ओरडलो. तोंडाला येईल ते बोललो शेटला. तो म्हणाला, "तुला पटत नसंल तर पाट्या बैलगाडीने ने." मी तिथल्या तिथे माझ्या रिकाम्या पाट्या उतरवून घेतल्या. पुढे बैलगाडीनेच गेलो. भाजी सुकायची, पण त्या लॉरीत पाय ठेवला नाही.

पावसाळा सरल्यावर एकदा भात कांडायला गिरणीत गेलो. धाऊ इंजिनाशी उकिडवा बसला होता. भुवयांवर कोंडा, हातात तोच प्लग. बाहेरून लॉरी गेली. जैतूने गिअर करकरत टाकला तसा धाऊचा डावा हात आपोआप हलला आणि परत खाली आला.

मी भाताचं पोतं खाली ठेवलं. म्हटलं, "मेव्हणा काय म्हनतो?"

त्याने प्लगवर फुंकर मारली. "तो काय म्हननार? आता मीच त्याच्याकडं घरजावई हाय."